अंगी लागतं, पण कुठे?

पोटावर थंडगार जेल पडलं आणि डॉक्टर म्हणाल्या, "श्वास घ्या... आणि धरा." मी धरला. मान जरा वळवली की पडदा दिसत होता. पेशंटने तिकडे बघू नये अशीच बहुधा अपेक्षा असते, पण माझे दिवसच असल्या पडद्यांसमोर जातात, नजर गेलीच. मूत्रपिंड करड्या रंगाचं, नेहमीसारखं. त्याला लागून यकृत. आणि ते मूत्रपिंडापेक्षा उजळ होतं, चांगलंच उजळ.

मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. चरबीचे बारीक थेंब पेशींमध्ये पसरले की ध्वनिलहरी विखुरतात आणि पडदा पांढुरका होतो. डुकराच्या पाठीवर शेवटच्या बरगडीजवळ असाच प्रोब टेकवून मी हेच तर शोधत असतो. तिथे पाठीचा लांब स्नायू बारीक चमकत्या ठिपक्यांनी भरलेला दिसला की आमच्याकडे सगळे खूश. वहीत चांगला आकडा पडतो, जनावर पैदाशीसाठी राखलं जातं. इथे डॉक्टरांनी प्रोब पुसत विचारलं, "घेता का अधूनमधून?" नाही म्हटल्यावर त्यांनी एकदा माझ्या हडकुळ्या छातीकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे. रिपोर्टवर छापून आलं: फॅटी लिव्हर, ग्रेड वन.

ग्रेड हा शब्द वाचून मला हसू आलं. जपानमध्ये गोमांसातल्या चरबीच्या नक्षीला १ ते १२ अशी श्रेणी देतात आणि १२ मिळालेल्या बैलाच्या मालकाचा ऊर भरून येतो. माणसाच्या यकृताची श्रेणी तीनवरच संपते, आणि वरचा नंबर कुणालाच नको असतो.

माझ्याबद्दल आईची लहानपणापासून एकच तक्रार. "याच्या अंगी काही लागत नाही." दादाचं उलट. त्याला नुसतं पाणी पाजलं तरी अंगी लागतं, असं ती चारचौघांत सांगायची आणि तो चिडायचा. आज त्याचं वजन माझ्यापेक्षा सव्वीस किलोंनी जास्त आहे. माझा रिपोर्ट आल्यावर घाबरून त्यानेही तपासणी करून घेतली. त्याचं यकृत स्वच्छ. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, माझी हद्दीबाहेर, त्याची आत. लॅबवाल्यांनी कागद अदलाबदल केले असणार, यावर आई अजून ठाम आहे.

मी मांसाच्या प्रतीवर काम करतो. म्हणजे चरबीवरच, कारण प्रतीची निम्मी भांडणं चरबीपाशी येऊन थांबतात. इतकी वर्षं हे काम करूनही "अंगी लागणं" या शब्दांतली मेख मला त्या दिवशी कळली. अंग म्हणजे नक्की कुठलं? कातडीखालचं? आतड्यांभोवतीचं? यकृत? की स्नायूंच्या धाग्यांमधली फट? भाषेने हे मोघम ठेवलंय. (चरबीच्या बाबतीत भाषा जरा दुष्टच आहे. माणूस माजला की "चरबी चढली" म्हणायचं. प्रत्यक्षात चरबी हा शरीरातला सगळ्यात निमूट कारकून: आलेलं जमा करायचं, मागितलं की काढून द्यायचं.)

या कारकुनाची माझी पहिली भेट फजितीची होती. स्नायूच्या तुकड्यातली चरबी सूक्ष्मदर्शकाखाली बघायची होती. मी नेहमीची पद्धत वापरली: तुकडा अल्कोहोलमधून काढायचा, मग झायलीनमधून, मग पॅराफिनमध्ये बसवायचा, काप घ्यायचे, रंग द्यायचा. आठवडा गेला. काचपट्टीवर स्नायूचे धागे सुंदर गुलाबी आले होते आणि त्यांच्या मध्ये होती नुसती गोल, रिकामी भोकं. मॅडमनी डोळा लावला, बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, "अरे, चरबी बघायची होती ना तुला? ती झायलीनमध्ये विरघळून टाकाऊच्या बाटलीत गेली."

मग शिकलो. तुकडा गोठवायचा, उणे २० अंशांच्या आसपास असलेल्या क्रायोस्टॅटमध्ये त्याचे १० मायक्रॉन जाडीचे काप काढायचे, ते काचेवर चिकटवायचे आणि ऑइल रेड ओ नावाच्या रंगात बुडवायचे. हा रंग पाण्यापेक्षा चरबीत जास्त रमतो, म्हणून चरबी सापडली की तिच्यात जाऊन बसतो. पहिल्यांदा नीट जमलेली काचपट्टी मी अजून जपून ठेवली आहे. धाग्यांच्या जुड्यांमध्ये द्राक्षांच्या घोसासारख्या मोठाल्या लाल पेशी. ही नुसत्या डोळ्यांना मांसात पांढऱ्या रेषांची नक्षी म्हणून दिसते. आणि भिंग वाढवलं की खुद्द धाग्यांच्या आत, काही धाग्यांत दाट, काहींत अजिबात नाही, असे कुंकवाच्या कणांएवढे लाल ठिपके. घोस वेगळे, ठिपके वेगळे. दोन्हींना आम्ही सरसकट "स्नायूतली चरबी" म्हणतो, आणि मला वाटतं अर्धा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

मांसाच्या बाजूने बघितलं तर चरबीची सुद्धा एक रांग असते. वाढत्या जनावरात आधी पोटातली, मूत्रपिंडाभोवतीची चरबी भरते, मग कातडीखालची आणि स्नायूंच्या मधली, आणि सगळ्यात शेवटी स्नायूच्या आतली. म्हणजे चवीसाठी जी हवी ती सर्वांत उशिरा येते, आणि तिची वाट बघताना जी नको ती सगळी आधी भरून जाते. नको असलेलं थर थर चढत जातं आणि जनावराचं खाणं त्यात खर्ची पडतं. एखादं जनावर ही रांग मोडून स्नायूत आधी भरतं का, याचा शोध म्हणजे आमचं निम्मं क्षेत्र.

रांग कोण लावतं? चरबीची पेशी जन्मालाच येणार की नाही हे मुख्यतः पीपार-गॅमा नावाचं जनुक ठरवतं. रक्तातून वाहत आलेली चरबी कुठल्या अवयवाने उतरवून घ्यायची हे लायपोप्रोटीन लायपेज ठरवतं. पेशीत आलेल्या मेदाम्लांची ने-आण एफएबीपी कुळातली प्रथिनं करतात. ग्लिसरॉलवर तिसरं मेदाम्ल जोडून थेंब पुरा करायचं काम डीगॅट-१ चं, आणि गरज पडली की तो थेंब फोडायला एटीजीएल. ही यादी डुकराची आहे. हीच बैलाची आहे, आणि तुमची-माझीही.

यांतलं मला सगळ्यात आवडतं ते मात्र एससीडी. याचं काम एवढंसं, की वाचून वाटावं यात काय मोठं. १८ कार्बनच्या स्टिअरिक आम्लाच्या साखळीत मधोमध, नवव्या जागी, एक दुहेरी बंध घालायचा. झालं ओलिक आम्ल. पण स्टिअरिक आम्ल वितळतं ६९ अंशांच्या आसपास आणि ओलिक सुमारे १३ अंशांना. एका बंधाने साखळीला बाक येतो, मग शेजारच्या साखळ्यांशी ती चिकटून बसू शकत नाही. ज्या जनावरात हे विकर जोरात चालतं त्याची चरबी बोटांच्या उबेने मऊ पडते. वाग्यू म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जपानी काळ्या गुरांमध्ये या जनुकाचे दोन प्रकार सापडले आणि त्यातला एक मऊ चरबीशी जोडलेला निघाला. याच गुरांच्या पाठीच्या स्नायूत चरबीचं प्रमाण ३० टक्क्यांच्याही वर जाऊ शकतं. रवंथ करणाऱ्या जनावराच्या बाबतीत हे विशेषच, कारण त्याच्या पोटातले सूक्ष्मजीव आलेल्या चरबीतले दुहेरी बंध आधी मोडून टाकतात आणि मग एससीडी बिचारं काही बंध पुन्हा घालत बसतं. डुकराचं आणि कोंबडीचं तसं नाही. त्यांची चरबी बरीचशी चाऱ्यावर जाते.

एक दिवस मी हे सगळं दादाला सांगत होतो. तो म्हणाला, "म्हणजे मी वाग्यू आहे?" मी म्हटलं, "नाही. तू कातडीखालचा आहेस. मी वाग्यू आहे, पण चुकीच्या जागी."

चरबीचा राग जनावरांनी आधी सोसला आहे. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात लोकांना चरबी नकोशी झाली आणि पैदासकारांनी डुकराच्या पाठीवरचा थर पिढ्यान्‌पिढ्या कमी करत नेला. चरबीला वारशाचा वाटा मोठा असतो, त्यामुळे ते झपाट्याने जमलंही. सोबत दोन गोष्टी आल्या. थराबरोबर स्नायूतली चरबीही काहीशी ओसरली आणि मांस कोरडं, चिवट लागू लागलं. आणि सडसडीत, मांसल म्हणून निवडलेल्या अनेक डुकरांमध्ये एक दोष लपून वाढला: ती भीतीने, उष्म्याने, गाडीत चढवतानाच्या झटापटीने जागच्या जागी कोसळायची, आणि त्यांचं मांस फिकट, ढिलं, पाणी सोडणारं निघायचं. १९९१ मध्ये कारण सापडलं. कॅल्शियमची दारं उघडणाऱ्या आरवायआर१ जनुकात फक्त एका अक्षराचा बदल. स्नायू मोठा, चरबी कमी, आणि जनावर कायम काठावर उभं. माणसांमध्ये याच जनुकात दोष असला तर भूल देताना अंग तापत जाऊन जीव धोक्यात येऊ शकतो, भूलतज्ज्ञ "घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का?" असं विचारतात त्यामागे हेही असतं.

मेंढ्यांची गोष्ट त्याहून विचित्र. १९८३ मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमा इथे एक मेंढा जन्मला, त्याचं मागचं अंग पैलवानासारखं. चरबी नावाला, मांस भरपूर. त्याचं नाव ठेवलं सॉलिड गोल्ड. त्याचा वंश वाढवला आणि लक्षात आलं की हा गुण बापाकडून आला आणि आईकडून साधी प्रत मिळाली, तरच पिल्लात उतरतो. दोन्ही प्रती बदललेल्या असल्या तर पिल्लू पुन्हा साधंच! बदल ज्या भागात आहे तिथे डीएलके१ हे जनुक बसतं, आणि चरबीच्या पेशी तयार होऊ न देणं हा त्याचा एक उद्योग. सगळं जमून आलं होतं. फक्त पाठीचं मांस इतकं चिवट निघालं की चावता चावेना. सोनं म्हणून जपलेलं हे वाण बाजारात टिकलं नाही.

डुकराच्या पिल्लाला थंडी सोसत नाही हेही चरबीचंच एक प्रकरण आहे. चरबी जाळून थेट ऊब निर्माण करणारं यूसीपी१ हे जनुक डुकरांच्या पूर्वजांनी सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी हरवलं. त्यामुळे नवजात पिल्लं कुडकुडत एकमेकांवर रचून पडतात, आणि कित्येक दगावतात. २०१७ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी डुकरात उंदराचं यूसीपी१ बसवलं. ती पिल्लं थंडीत ऊब टिकवू लागली आणि मोठी झाल्यावर अंगावर चरबीही कमी. बातमी वाचून दादाने मला फोन केला होता, "हे माणसांना कधी?" त्याला सांगितलं की माणसांकडे ते आधीपासूनच आहे, जन्मतः भरपूर तपकिरी चरबीसकट. मोठेपणी थोडीशीच उरते, मानेच्या आणि गळ्याखालच्या हाडांच्या आसपास.

आणि एमसी४आर. मेंदूत भुकेचा काटा जिथे फिरतो तिथलं हे जनुक. १९९८ मध्ये त्यात बिघाड असलेली, लहान वयातच अनिवार भूक आणि वजन असलेली माणसं सापडली. एकाच जनुकामुळे येणाऱ्या स्थूलतेचं हे सर्वांत सर्रास आढळणारं कारण. दोनच वर्षांनी डुकरांत याच जनुकातला एक बदल कळला: २९८ व्या जागी एक अमिनो आम्ल वेगळं असलं की डुक्कर जास्त खातं, भराभर वाढतं, पाठीवर थर जाड. एकीकडे रुग्णाच्या फाइलमध्ये, एकीकडे पैदाशीच्या वहीत. दुसऱ्या वहीत तो बदल कधीकधी बरोबरच्या खुणेने नोंदला जातो, कारण वजन लवकर भरतं.

भुकेवरून लेप्टिन आठवतंच. १९४९ मध्ये अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत अचानक अति लठ्ठ उंदीर जन्मले, आणि त्यांचं हरवलेलं जनुक हाती यायला १९९४ उजाडलं. लेप्टिन या संप्रेरकातून चरबी स्वतःच मेंदूला निरोप पाठवते की साठा आहे, आता पुरे, हे तेव्हा कळलं. माणसांतली पहिली दोन उदाहरणं १९९७ ची, नात्यातली मुलं: आठ वर्षांची मुलगी ८६ किलोंची, दोन वर्षांचा मुलगा २९ किलोंचा. त्यांच्या शरीरात निरोपच तयार होत नव्हता. लेप्टिनची इंजेक्शनं सुरू झाल्यावर मुलीची भूक आणि चरबी दोन्ही उतरली. आधी तिला किती जणांनी "तोंडावर ताबा ठेव" म्हणून सुनावलं असेल कुणास ठाऊक.

पण माझ्या रिपोर्टशी खरं नातं याच्या अगदी उलट टोकाच्या माणसांचं आहे. काहींच्या अंगावर जन्मतः चरबीच्या पेशी जवळपास नसतात. एजीपॅट२ किंवा सीपिन यांसारख्या जनुकांत दोष असतो. दिसायला ही माणसं कोरीव, शिरा उठून आलेल्या, व्यायामशाळेतून आल्यासारखी. आणि त्यांना मधुमेह जडतो, ट्रायग्लिसराइड आकाशाला भिडतात, यकृत चरबीने सुजतं. खाल्लेली चरबी ठेवायला हक्काची जागाच नाही म्हणून ती मिळेल तिथे शिरते. हे वाचताना मी वहीत समासात लिहिलं होतं: "दादाची गोदामं मोठी आहेत." गंमत म्हणून लिहिलं होतं. नंतर कळलं की माझी गंमत म्हणजे गंभीरपणे अभ्यासलेला विषय आहे. २०११ मध्ये आयआरएस१ या जनुकाजवळचा एक बदल नोंदला गेला, ज्याने अंगावरची चरबी कमी होते आणि मधुमेहाची, बिघडलेल्या रक्तचरबीची शक्यता वाढते. कमी चरबी, वाईट रिपोर्ट. याची उलट बाजूही खरी: काही जण कातडीखाली निवांत साठवतात आणि यकृत मोकळं राहतं. दादाला हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने फिरायला जाणं सोडलं असतं, आणि गोदाम केवढंही असलं तरी कधीतरी भरतंच.

हडकुळ्यांच्या फॅटी लिव्हरसाठी संशयित नंबर एक म्हणजे पीएनपीएलए३. २००८ मध्ये कळलं की या प्रथिनातल्या १४८ व्या जागी आयसोल्यूसिनऐवजी मेथिओनिन असलं की यकृतात चरबी साठते, माणूस लठ्ठ असो वा नसो. बदललेलं प्रथिन थेंबावर ठाण मांडून बसतं आणि थेंब फोडायला आलेल्या विकराच्या मदतनिसालाच अडकवून ठेवतं. माझ्यात हा बदल आहे का? तपासलं नाही. प्रयोगशाळेत यंत्र समोर आहे, रक्त माझं आहे, दोन दिवसांचं काम. तरी नाही केलं. कळून मी जे करणार तेच न कळताही करायचं आहे, असं स्वतःला सांगितलं. खरं कारण बहुधा एवढंच की दिवसभर इतरांची जनुकं वाचणाऱ्याला आपली वाचून घ्यायची धास्ती वाटते.

त्याहून डोक्यात घर करून राहिलंय ते टीएम६एसएफ२. २०१४ मधला शोध. याच्या एका बदलात यकृत चरबी रक्तात पाठवायला कमी पडतं. मग चरबी यकृतातच तुंबते आणि त्याचं नुकसान होतं. पण रक्तात कोलेस्टेरॉल कमी, हृदयाच्या धमन्या त्या मानाने निर्धास्त. एकच बदल, यकृताच्या डॉक्टरांना विचाराल तर वाईट, हृदयाच्या डॉक्टरांना विचाराल तर बरा.

म्हणून चरबीची जनुकं तपासून आहाराचा तक्ता हाती देणाऱ्या जाहिराती दिसल्या की माझं डोकं जरा फिरतं. एफटीओ हे स्थूलतेचं सगळ्यात गाजलेलं जनुक, २००७ मधलं. त्याच्या धोक्याच्या दोन्ही प्रती असलेली माणसं सरासरी तीनेक किलोंनी जड असतात. तीन किलो! दादाच्या सव्वीसपैकी तीन. बाकीचं शेकडो-हजारो बारीक बदलांत, झोपेत, चालण्यात, वयात विखुरलेलं. जनावरांत आम्हीही आता एकेका जनुकामागे लागत नाही, हजारो खुणा एकत्र मोजून अंदाज बांधतो. तोही कळपाचा बरा बसतो, एका जनावराचा अधूनमधून सपशेल चुकतो.

माझ्या काचपट्टीवरच्या त्या कुंकवाएवढ्या ठिपक्यांचंही पुढे एक कोडं निघालं. धाग्यांच्या आतली अशी चरबी मधुमेहींच्या मांडीच्या स्नायूत जास्त सापडते, म्हणून ती इन्सुलिनच्या कामात खोडा घालते असं मानलं गेलं. मग २००१ मध्ये लांब पल्ल्याच्या कसलेल्या खेळाडूंचे स्नायू तपासले, तर त्यांच्यातही तितकीच, आणि इन्सुलिनला त्यांचा प्रतिसाद मात्र झकास. त्यांचे ठिपके रोज जळतात आणि रोज भरतात. मधुमेह्याचे तसेच पडून राहतात. रंगवलेल्या काचेवर दोघांचा फोटो जवळजवळ सारखा येतो, कारण फोटोत वेळ दिसत नाही.

हे वाचल्यावर मी चालायला लागलो. रोज पाऊण तास, संध्याकाळी, कधी चडफडत. वजन मुळात कमीच, तरी सहा महिन्यांत तीन किलो गेलं. दुसऱ्या सोनोग्राफीत यकृत आणि मूत्रपिंड एकमेकांच्या रंगाला बऱ्यापैकी आले होते. डॉक्टरांनी प्रोब दोन बरगड्यांच्या मध्ये जरा जास्त वेळ धरला, पडद्यावर बाण फिरवला आणि काही न बोलता जेल पुसायला कागद दिला. डुकराला आम्ही तोही देत नाही.

घरी गेलो तर आईने दारातच वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बघ, होतं नव्हतं तेही गेलं."

"जायलाच हवं होतं, आई."

"कुठनं गेलं?"

मी शर्ट वर करून उजव्या बरगडीखाली हात ठेवला. तिने जवळ येऊन तिथे दोन बोटं दाबून पाहिली, मग डावीकडेही पाहिली.

"इथे तर कधी काही नव्हतंच," ती म्हणाली.